अर्ध्या तोंडाचा ट्रंपेट

बीदर, भालकी, औराद व संतपूर परिसरातील तमाम नवरदेव, वऱ्हाडी, घोडेवाले आणि संगीतप्रेमी नागरिकांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, बसप्पा अण्णांच्या ब्रास बँडचे मुख्य ट्रंपेटवादक, ऊर्फ मास्टर, यांच्या तोंडाच्या डाव्या अर्ध्या भागाने सोमवारी सकाळी चहाच्या वेळी, कोणतीही पूर्वसूचना न देता, कामावर येणे बंद केले आहे. त्यांच्या पश्चात उजवा अर्धा भाग, एक पत्नी आणि एक ट्रंपेट असा परिवार आहे. उजव्या भागावर सध्या कामाचा फार ताण असल्याने भेटीस येणाऱ्यांनी त्याला हसवू नये, ही नम्र विनंती.

हा मजकूर मी दवाखान्याच्या खाटेवर मनातल्या मनात तयार केला. मोठ्याने म्हणून दाखवायची सोय नव्हती. मास्टर म्हणजे मीच. अशी सकाळ आणखी कुणाच्या घरी उगवली असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितोय. औषधांची नावं यात सापडणार नाहीत. ती डॉक्टरांना पाठ असतात. बाकीचं मला पाठ झालंय.

चहा

सकाळी गुळणी केली तर पाणी माझ्या परवानगीशिवाय डावीकडून बाहेर आलं. मला वाटलं, झोप उतरली नसेल. चहा घेतला, तर तोही त्याच वाटेने गेला.

आता माझी अडचण समजून घ्या. मी घरात नकला करतो. तलाठ्याची, बस कंडक्टरची, लग्नात रुसलेल्या जावयाची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सुमनला, म्हणजे बायकोला, माझा खरा चेहरा कोणता याची खात्री नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली.

"कुणाची नक्कल हाय ही?"

"न्हाई," मी म्हणालो. म्हणजे म्हणालो असं मला वाटलं.

"वळखू येईना. सरपंचाचा भाऊ का?"

मी हातवारे केले. ती आणखी हसली. मी घाबरलो, तशी माझी उजवी भुवई वर गेली आणि डावी जागची हलली नाही. तिच्या दृष्टीने तो माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम प्रयोग होता. मग चहाचा ओघळ शर्टावर उतरला. पांढरा शर्ट, तिनेच इस्त्री केलेला. तिला माहीत होतं की हा माणूस नाटकासाठी काहीही करेल, पण पांढरा शर्ट खराब करणार नाही. ती हसायचं सोडून जवळ आली.

"अवो, डोळा मिटा बगू."

उजवा मिटला. डावा उघडाच राहिला आणि तिच्याकडे बघत राहिला.

बहुतेकांचं

रिक्षात सुमन माझा हात धरून बसली होती. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि बीदरच्या दवाखान्यापर्यंत हॉर्न सोडला नाही. लकवा हा शब्द आमच्यापैकी कुणीच काढला नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी हात वर करायला लावले, चालायला लावलं, दात दाखवायला लावले. डोक्याचा फोटो काढून आणला. मग म्हणाल्या, "मेंदूला काही नाही. चेहऱ्याची नस सुजली आहे. लवकर आलात, चांगलं केलं. बहुतेकांचं बरं होतं."

सुमनने छातीवर हात ठेवून डोळे मिटले. माझं मन मात्र 'बहुतेकांचं' या शब्दावर अडकलं. उरलेले लोक कोण, आणि ते काय वाजवत होते?

"काम काय करता?" बाईंनी विचारलं.

"पिपाणी वाजवतेत," सुमन म्हणाली.

मी आयुष्यभर ज्या शब्दाशी भांडलो तो असा दवाखान्यात चिकटला. मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "ट्रंहेट."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, ही त्यांची थोरवी. त्या थोडा वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. "जेवता येईल. बोलता येईल. वाजवता येईल का, ते मला खरंच सांगता येणार नाही."

ट्रंपेट न वाजवणाऱ्यांसाठी सांगतो. ट्रंपेटमध्ये आवाज नसतो. आवाज ओठांत असतो. दोन ओठ घट्ट धरून त्यातून श्वास थरथरवायचा, पितळ तो फक्त मोठा करून लोकांना सांगतं. ओठांची एक बाजू सैल पडली तर हातात उरतं ते छान घासलेलं भांडं.

खाट

साखर वाढलेली निघाली, म्हणून काही दिवस ठेवून घेतलं. वॉर्डात सकाळी झाडू, मग सुई, मग उपमा, मग नातेवाईक. उपमा उजवीकडे ढकलून खायचा, नाहीतर तो गालात मुक्काम करतो आणि दुपारी आठवण करून देतो.

सगळ्यात वाईट म्हणजे प, फ, ब, भ, म गेले. हे पाच जण ओठ जुळल्याशिवाय येत नाहीत. अण्णा भेटायला आले आणि मी त्यांना हाक मारायला गेलो, तर बसप्पा या नावातलं सगळंच माझ्या हाताबाहेरचं निघालं. त्या माणसाला मी एकदम 'अण्णा' म्हणालो. इतकी वर्षं मी त्यांना मुद्दाम पूर्ण नावाने हाक मारत आलो होतो. त्यांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, आजारपणाने मास्टर मऊ झाला.

भेटीला येणाऱ्या प्रत्येकाकडे एक औषध होतं. एकाने पारव्याच्या रक्ताची मालीश सांगितली आणि दुसऱ्या दिवशी खरंच पिशवीत पारवा घेऊन आला. नर्सने त्या दोघांनाही बाहेर काढलं. माझ्यासारख्या आजाऱ्यांना एवढंच सांगतो, त्या पारव्याला सोडून द्या आणि डोळ्याकडे बघा. डोळा मिटत नाही, म्हणून तो वाळतो. त्यात थेंब घालायचे आणि झोपताना पापणी ओढून पट्टी लावायची. ते काम सुमनने घेतलं. रोज ती माझी डावी पापणी दोन बोटांनी खाली आणायची, आणि मी रोज गंमत करायचो की अजून जिवंत आहे. ती कधीच हसली नाही. मग मी गंमत करायचं सोडलं.

फर्निचर

मी संतपूरचा. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती, आजोबा त्यांच्यामागे फिरले, वडील दुसऱ्याच्या शेतावर राबले. मी पितळेच्या मागे लागलो आणि मिसरूड फुटायच्या आत हैदराबादला पळालो. तिथे एका म्हाताऱ्या उस्तादांनी मला जवळ केलं. ते तरुणपणी सिकंदराबादच्या हॉटेलांत नाचाच्या बँडमध्ये वाजवायचे. त्यांनी मला जॅझ शिकवलं.

जॅझ म्हणजे काय, हे मी आमच्याकडे असं सांगतो. एक गाणं घ्यायचं, सगळ्यांनी मिळून ते एकदा नीट वाजवायचं. मग एकेकाने त्या गाण्याच्या घरात शिरून फर्निचर हलवायचं. पलंग स्वयंपाकघरात, पाट छपरावर. शेवटी सगळं परत जागेवर ठेवून दार लावायचं.

हॉटेलात मी बरीच वर्षं वाजवलं. मग हॉटेलांनी माणसांऐवजी मशीन ठेवलं, उस्ताद गेले, आणि मी बीदरला येऊन अण्णांचा लाल कोट चढवला. तरी महिन्यातून एखाद्या रविवारी बसने हैदराबाद गाठायचो. तिथे आम्ही चौघे एका छोट्या हॉलमध्ये जॅझ वाजवायचो. ऐकायला माणसं थोडी, पण ती डोळे मिटून ऐकायची. दुसऱ्या दिवशी भालकीच्या वरातीत मी चुकून दोन पलंग हलवायचो आणि अण्णा मागून ओरडायचे, "मास्टर, घोडा बिथरायलाय, सरळ वाजवा."

दवाखान्यातून घरी आल्यावर मी हैदराबादच्या ड्रमवाल्याला फोन लावला. माझं बोलणं त्याला कळेना, म्हणून सुमनने सांगितलं. तो म्हणाला, "भाभी, उनकू बोलो, जगह खाली रखतौं." मला त्या रिकाम्या जागेची अशी भीती वाटली की मी परत त्याला फोन केला नाही.

कोट

लग्नसराई आजाऱ्यासाठी थांबत नाही. अण्णांनी उदगीरहून खाजा नावाचा ट्रंपेटवाला आणला. माणूस सज्जन, मला उस्ताद म्हणायचा. त्यामुळे त्याचा राग करायचीही सोय उरली नाही.

आता आमच्या घरातली गोष्ट. बँडचे कपडे सुमन शिवते. अण्णांनी एक दिवस माझाच कोट तिच्या मशीनवर आणून ठेवला. मास्टरचा कोट वेगळा असतो, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर दोरी. खाजा अंगाने सडपातळ, म्हणून कोट आत घ्यायचा होता.

मी समोर बसलो होतो. सुमनने कोट उलटा केला.

"दुसरा शिव की," मी म्हणालो. एव्हाना मला थोडं बोलता येत होतं.

"कापड कुटलं? लगीन परवा हाय."

"माझा कोट हाय त्यो."

"मग घाला. घाला आन जावा वरातीला. कोण नगं म्हणायलंय?"

ती असं कधी बोलत नाही. मी उठून ओसरीत गेलो. आतून मशीनचा आवाज येत राहिला. सगळं घर त्या मशीनवर चाललं होतं, हे मला कळत होतं, म्हणून तर जास्त लागलं. माझ्याकडे करण्यासारखं एकच काम होतं. पेल्यात नळी घालून बुडबुडे काढायचे. ते व्यायामात सांगितलं होतं. बुडबुडे येत नव्हते.

दुपारी ती पाण्याला गेली तेव्हा मी कोट पाहिला. तिने कुठेही कापड कापलं नव्हतं. दोन्ही बाजूंना आत दुमडून लांब लांब कच्चे टाके घातले होते. एका ओढीत निघतील असे. कोट जसा होता तसा ठेवला आणि पुन्हा बुडबुडे काढायला बसलो.

स्टिरिओ

आमच्या धंद्यातली एक रीत बाहेरच्यांना माहीत नसते. गिऱ्हाईक मोठा बँड मागतं, आणि वाजवणारे तेवढे नसतात. मग ओळखीच्या चार माणसांना गणवेश चढवून, हातात वाद्य देऊन रांगेत उभं करतात. आम्ही त्यांना शोची माणसं म्हणतो. त्यांनी फक्त गाल फुगवायचे. नव्या माणसाला गाल फुगवायला मीच शिकवत असे. फार फुगवलं तर खोटं दिसतं, आणि श्वास घ्यायला विसरला तर माणूस पडतो.

भालकीच्या एका पार्टीने अट घातली की मास्टरच पाहिजे. मुलीच्या बापाने थोरलीच्या लग्नात मला ऐकलं होतं. अण्णा घरी आले, टोपी काढून बसले.

"मास्टर, तुमी नुसतं म्होरं उबारा. खाजा स्पीकरच्या गाड्याच्या मागून वाजवतो, माईकवर. दोन तास निभावून न्या."

म्हणजे मी शोचा माणूस. सुमन म्हणाली, "नका जाऊ." मी गेलो. घरी बसून बुडबुड्यांची वाट बघण्यापेक्षा ते बरं वाटलं.

भर दुपारची वरात. मी सगळ्यांत पुढे, साधा लाल कोट, कारण झालरीचा आता खाजाच्या मापाचा होता, ट्रंपेट ओठाला. खाजाने मागून सूर धरला आणि मी गाल फुगवले. तेव्हा लक्षात आलं की मला तेही जमत नाही. उजवा गाल माझं ऐकत होता. डावा पुरीसारखा टम्म फुगला आणि ओठांच्या कोपऱ्यातून फस्सकन हवा सुटली. मी पुन्हा पुन्हा फुगवत राहिलो. मी शिकवलेली शोची माणसं मागच्या रांगेत माझ्यापेक्षा बरं काम करत होती.

नवरदेवाचे मामा नाचत नाचत आले. थोडी घेतलेली होती. कौतुकाने त्यांनी माझ्या ट्रंपेटच्या तोंडाला कान लावला. कान काढला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा लावला.

"मास्टर, तुमी हितं, आन आवाज तिकडून कामून यायलाय?"

सुचलं ते ओठातून येईना. मग ओठ न लागणारा एकच शब्द हाताशी आला.

"स्टिरिओ," मी म्हणालो.

मामांनी मान डोलावली आणि मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "मास्टरनं नवीन मशीन घेतलंय." मग वऱ्हाडातले लोक एकेक करून आले आणि माझ्या मुक्या ट्रंपेटला कान लावून गेले. एक आजोबा तर म्हणाले, साफ ऐकू येतंय.

ही गोष्ट मी आता हसत सांगतो. लोक हसतात, मीही हसतो, सध्या पाऊण तोंडाने. पण त्या दिवशी जेवणाची पंगत बसल्यावर मी जनरेटरच्या मागे जाऊन उभा राहिलो. डावा डोळा दोन महिने मला न विचारताच गळत होता. त्या दिवशी उजवाही सामील झाला. जनरेटरच्या आवाजात कुणाला काही कळलं नाही. मी ठरवलं की आता ट्रंपेटची पेटी उघडायची नाही.

तीन तोंडं

थोरल्या अक्काने गाणगापूरला नेलं. मी ना देवाला फार मानणारा, ना नाही म्हणणारा. बुडत्या माणसाला जो कोणी हात देईल, त्याच्यामागे तो जातो. संगमावर अंघोळ केली, माधुकरी मागितली, निर्गुण पादुकांसमोर उभा राहिलो. अक्का शेजारी पुटपुटत होती. मी मनात म्हणालो, महाराज, तुम्हाला तीन तोंडं आहेत. मला अर्धंच पाहिजे.

बाहेर आल्यावर अक्काने विचारलं, "काय मागितलास?" मी सांगितलं. तिने पाठीत धपाटा घातला आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की प्रसादाचा पेढा खाली पडला. घरात आजार आल्यापासून कुणी तरी मोकळं हसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पूर्ण हसा

दवाखान्यात तोंडाचे व्यायाम घेणाऱ्या बाई कलबुर्गीच्या, घरी कन्नड. त्यांचं मराठी मोजकं होतं आणि दयामाया त्याहून मोजकी. समोर आरसा ठेवायच्या. "हसा. अर्धं नको. पूर्ण हसा." हसण्यासारखं काही नसताना आरशात बघून हसणं फार कठीण आहे, करून बघा. मेणबत्ती पुढे धरायच्या, फुंका म्हणायच्या. ज्योत माझा मान राखून स्थिर राहायची.

मी चिडायचो. एकदा म्हणालो, "बाई, होत नाही." त्या म्हणाल्या, "होत नाही म्हणूनच येता."

मग एका सकाळी डावा कोपरा किंचित हलला. माशी बसून उठावी इतका. मला कळलंही नाही. बाईंनी पाहिलं. "परत," म्हणाल्या. परत हलला. त्यानंतर हळूहळू पाणी तोंडात राहायला लागलं, पापणी मिटायला लागली, आणि एक दिवस मी अण्णांना फोन करून नुसतं "बसप्पा" म्हणून ठेवून दिला.

पण ट्रंपेट नाही. बाई प्रत्येक वेळी विचारायच्या, "वाजवून बघितलं?" मी म्हणायचो, रोज बघतो. पेटीवर धूळ बसली होती. मेणबत्ती विझली नाही तर दुसरी मेणबत्ती असते. ट्रंपेट वाजला नाही तर माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. न वाजवता राहिलो की तो गेलाय हे निदान कळत तरी नव्हतं.

बाईंना ते कळलं असावं. "पुढच्या वेळी घेऊन या," म्हणाल्या. "लावलेला असताना मला ओठ बघायचे."

सुमनने पेटी पुसली आणि स्वतः उचलून आणली.

बाईंच्या खोलीला दार नाही, पडदा आहे. पडद्यापलीकडे बाकांवर गुडघे, कंबर, मान धरून बसलेली माणसं. मी म्हणालो, "बाई, बाहेर लोक आहेत."

"बसू दे. त्यांचा पण वेळ जात नाही."

मी ट्रंपेट ओठाला लावला. थोडा उजवीकडे सरकवून, कारण डावीकडे अजून भरवसा नव्हता. फुंकलं. हवा. पुन्हा फुंकलं. सायकलच्या चाकातून निघते तशी हवा. सुमन भिंतीकडे बघत होती. बाई वाकून माझ्या ओठांकडे बघत होत्या, घड्याळ दुरुस्त करणारा बघतो तशा.

"परत."

आणि आवाज आला.

तो माझा आवाज नव्हता. माझा आवाज उंच होता, चकचकीत, घोड्याला बिथरवणारा. हा खालचा, जाड, कडेला फाटलेला. डावा ओठ मध्येच हात सोडायचा, उजवा धावून धरायचा, त्यामुळे सूर सरळ उभा राहीना. घसरायचा, कण्हायचा, पुन्हा वर चढायला जायचा आणि अर्ध्यातच मोडायचा. मी तो सरळ करायचा प्रयत्न केला. जमला नाही. मग सोडून दिलं आणि तो जिकडे निघाला होता तिकडे त्याच्या मागे गेलो. कोणतं गाणं होतं ते सांगता येणार नाही. घरातलं एकही सामान जागेवर नव्हतं. श्वास संपेपर्यंत वाजवलं, मग थांबलो.

बाई सरळ उभ्या राहिल्या. सुमन अजून भिंतीकडेच तोंड करून होती आणि तिचे खांदे हलत होते. मग बाहेर पडद्याला लागून बसलेली, हातात काठी घेतलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अवो बाई, आमचा नंबर ऱ्हाऊ द्या, आदी त्याला सुई द्या. लई दुखायलंय त्याला."